पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो की पांढरा?

प्रश्न

लाल, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग आहेत आणि पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा तयार होतो, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. जलरंगांनी मी ते अनेकदा करूनही पाहिले आहे. अलीकडे मात्र मी संगणकावर चित्रे काढू लागलो असून तेथे लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे भरावे लागतात. लाल आणि हिरवा पूर्ण भरले की पिवळा दिसतो आणि त्यात निळाही पूर्ण भरला की पांढरा होतो. म्हणजे येथे पिवळा आणि निळा मिळून पांढरा झाला. पाहणारा डोळा तोच असताना उत्तर वेगळे का येते, आणि मूळ रंग नेमके कोणते मानायचे?

उत्तर १

आपले दोन्ही अनुभव खरे आहेत. फरक आहे तो मिसळण्याच्या क्रियेत. पडद्यावर प्रकाशात प्रकाश मिळवला जातो, म्हणजे बेरीज होते. रंगद्रव्य स्वतः प्रकाश देत नाही. अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ते शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. पिवळे द्रव्य मुख्यतः निळा भाग शोषते, निळे द्रव्य लाल आणि पिवळा भाग शोषते, आणि दोघांच्या तावडीतून जो सुटतो तो मधला हिरवा. ही वजाबाकी असल्यामुळेच जलरंगांत एकात एक रंग मिसळत गेले की मिश्रण काळपट आणि मळकट होत जाते. छपाईत सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळी शाई वापरतात, कारण त्या अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा प्रकाश अडवतात. शाळेतले निळा आणि लाल हे माझ्या मते या सायन आणि मॅजेंटाचेच ढोबळ रूप आहे.

उत्तर २

वरील उत्तर बरोबर आहे, पण मूळ रंग तीनच का, याचे कारण प्रकाशात नसून डोळ्यात आहे. दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि त्या साधारणपणे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. (शेवटच्या प्रकाराला सर्रास ‘लाल’ म्हटले जाते, ते दिशाभूल करणारे आहे, कारण ५६० नॅनोमीटरचा प्रकाश पिवळसर हिरवा दिसतो.) प्रत्येक पेशी मेंदूला केवळ आपण किती उद्दीपित झालो एवढेच कळवते, कोणत्या तरंगलांबीने उद्दीपित झालो, हे तिला सांगता येत नाही. त्यामुळे ५८० नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा प्रकाश आणि योग्य प्रमाणातले लाल व हिरव्या प्रकाशाचे मिश्रण, या दोन भौतिकदृष्ट्या सर्वस्वी भिन्न गोष्टी आपल्याला एकच पिवळा म्हणून दिसतात. दोन सूर एकत्र वाजले तरी कान ते वेगळे ओळखू शकतो. डोळ्याला ते जमत नाही. मॅजेंटा तर कोणत्याही एका तरंगलांबीचा नाहीच, आणि वर्णपटात तो शोधूनही सापडत नाही.

डोळ्यातल्या तीन ग्राहकांची कल्पना थॉमस यंग यांनी १८०२ साली मांडली, आणि १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन छायाचित्रे एकावर एक प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखवली. आपल्याला हे घरच्या घरी पाहायचे असेल, तर मोबाइलच्या पडद्यावर पिवळा भाग आणून त्यावर पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवावा. थेंब भिंगासारखे काम करतो.

उत्तर ३

एक भर घालावीशी वाटते. पेशींचा हिशेब जुळला तरी दिसणारा रंग शेजारच्या रंगावरही अवलंबून असतो. पॅरिसच्या गोबलँ या विणकामशाळेत रंगाई विभाग सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञांकडे काळी लोकर फिकी दिसते अशी तक्रार आली. त्यांनी ती इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली, तेव्हा रंगाईत काहीच दोष आढळला नाही; काळ्याच्या शेजारी विणलेले निळे आणि जांभळे धागे त्याचा जोर कमी करत होते. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. चित्र काढणाऱ्याला आकड्यांइतकेच हेही माहीत असावे, असे मला कळकळीने वाटते. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापून एक पिवळ्यावर आणि एक निळ्यावर ठेवून पाहावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. थेंबाखाली पिवळा कोठेच नव्हता. लाल आणि हिरवे ठिपके उजळलेले होते आणि निळ्यांच्या जागी अंधार होता. करड्या तुकड्यांपैकी पिवळ्यावरचा निळसर आणि निळ्यावरचा किंचित पिवळसर दिसला. मग एका पांढऱ्या पुठ्ठ्याला दोन भोके पाडून तो वर ठेवला, तेव्हा दोन्ही तुकडे तंतोतंत सारखे झाले, आणि पुठ्ठा उचलताच पुन्हा वेगळे दिसू लागले.