झूम सोडा, सेन्सर बघा

डिसेंबरात तारकर्लीला डाइव्हिंग आणि त्यासाठी ५० पट झूमचा कॅमकॉर्डर, असा तुमचा बेत दिसतोय. कृपा करून झूमवर पैसे घालवू नका. गढूळ पाण्यात झूम केलं की मासा नाही, मधला गाळच मोठा होतो. रुंद दृश्य टिपणारी वाइड लेन्स घ्या आणि जवळ जा.

कमी उजेडात कामाला येतो तो सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. १ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ १/२.३ इंचीच्या साधारण चौपट असतं, त्यामुळे अंधारात चित्रावर दाणे कमी येतात. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, म्हणून व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत यासाठीची सेटिंग) हाताने लावता यायला हवा, तोही हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणीरोधक पेटीच्या, बाहेरून. हे दुकानातच बटण दाबून बघा. दिवे दोन्ही बाजूंना लांब धरा, नाहीतर पुढचे कण चमकून फ्रेमभर बर्फ पडल्यासारखं दिसतं.

आणि ओ-रिंग, म्हणजे हाउसिंगमध्ये पाणी शिरू न देणारी रबरी कडी! माझ्या ओ-रिंगवर वाळूचा एकच कण राहिला होता. वर आलो तेव्हा काचेमागे चमचाभर पाणी हिंदकळत होतं. कॅमेरा गेला. आधी रिकामं हाउसिंग आत टिश्यू ठेवून बुडवा, टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत घाला.