मदत हवी आहे: बायॉसचा सेल बदलल्यावर पिन चालेना, डिव्हाइसची पडताळणीही होईना

वडिलांच्या दुकानातला असेंबल्ड डेस्कटॉप, विंडोज ११. बंद केला की घड्याळ मागे जायचं, म्हणून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. घड्याळ आता बरोबर चालतंय, टाइम झोनही भारताचाच आहे. पण सेल काढल्यावर बायॉसची (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज मूळपदावर गेली आणि टीपीएम (पिनसारख्या गोष्टींच्या गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा व्यवस्था) बंद झालं. तेव्हापासून लॉगिनला 'तुमचा पिन उपलब्ध नाही' असा मेसेज येतो.

बायॉसमध्ये टीपीएम पुन्हा चालू केलंय. विंडोजमध्ये ते 'वापरासाठी तयार' दिसतं, तरी मेसेज जात नाही. पासवर्डने आत जाता येतं. पण अकाउंटच्या सेटिंगमध्ये 'व्हेरिफाय'वर क्लिक केलं की खिडकी क्षणभर उघडते आणि आपोआप मिटते, कोड टाकायची वेळच येत नाही. त्याच अकाउंटने मोबाईलवर आणि ब्राउझरमध्ये व्यवस्थित साइन-इन होतं, म्हणजे पासवर्डचा किंवा नेटचा प्रश्न नसावा. 'पिन विसरलो'वरही तीच खिडकी, तोच प्रकार. अपडेट्स सगळे घेतलेत, अँटीव्हायरस विंडोजचाच आहे.

फॉरमॅट करणं शक्य नाही, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स याच मशीनला बांधलेलं आहे. डेटाचा बॅकअप आहे. ड्राइव्हचं एन्क्रिप्शन बंद असल्याचं तपासलंय.

शोधल्यावर दोन उपाय दिसले: पिनची माहिती असलेलं एनजीसी फोल्डर रिकामं करणं, किंवा टीपीएम क्लिअर करणं. फोल्डरवर भागेल, की टीपीएम क्लिअर करावंच लागेल? आणि ते केलं तर मशीनला बांधलेल्या लायसन्सला धक्का लागतो का, कुणाला अनुभव आहे?