स्वस्त लिप बाम आणि मेकअप ब्रश: तुमच्याकडे काय टिकलं, कशाने त्रास झाला?

लिप बाम आणि मेकअपचे ब्रश या दोन्ही गोष्टी घेताना बहुतेकींचं बजेट दोन-तीनशेच्या आतलं असतं. जाहिराती मात्र हजाराच्या वरच्या मालाच्या दिसतात. त्यामुळे स्वस्तातलं चांगलं काय, हे शेवटी एकमेकींना विचारूनच कळतं. तेच इथे एकत्र करू या.

लिहिताना एवढं सांगा: तुमच्या गावची हवा कशी, वस्तू रोज वापरता की कधीमधी, डबीवर घटक काय छापलेत, आणि किती टिकली. त्रास झाला असेल तर कंपनीचं नाव नको. कोणत्या घटकाने काय झालं ते सांगा, म्हणजे दुसरीला उपयोग होईल. "मस्त आहे, घ्याच" एवढ्यावर थांबू नका.

सुरुवात माझ्यापासून. ओठांच्या त्वचेत तैलग्रंथी जवळपास नसतात आणि तिचा वरचा थरही फार पातळ असतो. म्हणून ओठ स्वतःचा ओलावा धरून ठेवू शकत नाहीत, आणि बामचं मुख्य काम तो ओलावा आत अडवायचं. मेण, पेट्रोलियम जेली, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), शिया किंवा कोकम बटर ही मंडळी ते काम करतात. वास, रंग, चमक हे सगळं त्यानंतर. ही एक गोष्ट धरून मी बाम निवडते आणि त्यासाठी मला फार पैसे मोजावे लागलेले नाहीत. आता तुम्ही लिहा.

निफाड, द्राक्षबागायतदार घरातून

आमच्याकडे थंडी किती पडली ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात छापून येतो, त्यावरून सगळ्या महाराष्ट्राला कळतं. बागेत सकाळच्या गारव्यात काम करणाऱ्या बायकांचे ओठ फुटून रक्त येतं, तिखट भाकरी खाताना डोळ्यांत पाणी येतं. मी हंगामात साध्या पेट्रोलियम जेलीची मोठी डबी आणून ठेवते. बिनवासाची, बिनरंगाची. सगळ्यांनी त्यात बोटं घालायची नाहीत, आइसक्रीमच्या लाकडी काडीने थोडी काढून हातावर घ्यायची, हा नियम केलाय.

एक गोष्ट सगळ्याजणी आता पाळतात. चहा-पाणी झालं, ओठ जरा ओलसर आहेत, तेव्हाच लावायचं. कोरड्या ओठांवर जेली लावली तर ती नुसती वर बसते, आत धरून ठेवायला पाणीच नसतं. रात्री झोपताना जाड थर. एवढ्याने भेगा भरतात. एक मोठी डबी पूर्ण थंडी पुरते आणि आमच्याकडे उरतेसुद्धा.

परभणी, औषधाचं दुकान

काउंटरच्या या बाजूने दिसतं ते सांगतो. गिऱ्हाईक छापील किंमत बघतं, वजन बघत नाही. कांडीतलं बाम साधारण 4 ते 5 ग्रॅमचं असतं, ट्यूब बहुधा 10 ग्रॅमची. किंमत ग्रॅमवर काढली की बऱ्याचदा कांडी ट्यूबच्या दुप्पट-तिप्पट महाग निघते. सगळ्यात स्वस्त म्हणजे औषध दुकानातली 'व्हाइट पेट्रोलियम जेली आयपी'. 'आयपी' म्हणजे भारतीय औषधसंहितेच्या दर्जाची. ती मागून घ्या, शेल्फवर समोर मांडलेली नसते.

मेन्थॉल, कापूर, पेपरमिंट, दालचिनी हे घटक दिसले तर फुटलेल्या ओठांना ते बाम लावू नका. गार वाटतं, झिणझिण्या येतात, म्हणून लोकांना वाटतं औषध लागू पडतंय. खरं तर त्याने नाजूक त्वचा चिडते, माणूस ओठ चाटत राहतो, थुंकी वाळताना ओलावा घेऊन जाते आणि परत बाम लावावं लागतं. तसंच, बोरिक अ‍ॅसिड असलेली अँटिसेप्टिक क्रीमं पुष्कळ घरांत ओठांना लावतात. लहान मुलांना तरी लावू नका, ती चाटून पोटात घालतात.

पॅकवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख असायलाच हवी; बॅच नंबर आणि घटकांची यादी मात्र फार लहान पॅकवर नसू शकते. आपल्याकडे 'कॉस्मेटिक्स रूल्स 2020' लागू आहेत. 30 रुपयांची वस्तू असली तरी त्यातून सूट नाही. यातलं काहीच छापलेलं नसेल तर ती वस्तू ओठांवर नको, कारण ओठांवरचं थोडंफार पोटात जातंच.

पुणे, विद्यार्थिनी

मुरुमांसाठी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन दिलं होतं. ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत असेल, ओठ अक्षरशः सोलवटतात. वासाची, फळांच्या चवीची सगळी बामं झोंबायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, पेट्रोलियम जेली लावा, दिवसातून कितीही वेळा. परभणीच्या दादांनी लिहिलंय तीच औषध दुकानातली घेतली. छोट्या डबीत काढून दप्तरात ठेवायचे. गोळ्या बंद झाल्यावर ओठ पूर्ववत झाले, पण मी दुसरं काही घ्यायला गेले नाही.

कुडाळ तालुका, सिंधुदुर्ग

कोकम बटर म्हणजे कोकमाचं तेल, त्याचा अनुभव कुणी सांगितलाच नाही अजून! आमच्याकडे मुठेल म्हणतात, गोव्यातल्या बहिणी भिरंडेल म्हणतील. मे महिन्यात आमसुलं घालून झाली की बिया वाळवून ठेवतात. मग त्या फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. थंड झालं की घट्ट होतं आणि हाताने त्याचे गोळे वळतात. टाचांच्या भेगांना, ओठांना, थंडीत गालांना, सगळ्याला तेच.

हे तेल साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे डब्यात दगडासारखं टणक असतं आणि कातडीवर जरा चोळलं की पातळ होतं. नुसतं लावायला काहींना जड जातं, म्हणून मी असं करते: एक चमचा किसलेलं मुठेल, एक चमचा किसलेलं मधमाशीचं मेण, दोन चमचे खोबरेल. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवायचं, थेट आचेवर नाही. मेणाला वितळायला 60 अंशांच्या वर उष्णता लागते, त्यामुळे आधी मेण, मग बाकीचं. स्वच्छ, पूर्ण कोरड्या डब्यांत ओतायचं. उन्हाळ्यात खोबरेल थोडं कमी घाला, नाहीतर डबीत नुसतं तेल होतं.

रंगासाठी बीटाचा रस घाला असं जागोजागी सांगतात. त्याच्या नादी लागू नका. रस म्हणजे पाणी, ते मेणात मिसळत नाही, खाली थेंब होऊन बसतं आणि त्याला बुरशी येते. पाण्याचा अंश नसलेलं बाम सहज काही महिने राहतं.

मुठेल घ्यायचं तर बचत गटांच्या स्टॉलवर विचारा. भेसळ ओळखायची माझी खूण म्हणजे वास. चांगल्या मुठेलाला वास जवळजवळ नसतो. खवट वास आला तर घेऊ नका.

नागपूर

आमच्या उन्हात कोकमाचं बाम डबीत राहणार नाही, ताई! एप्रिल-मे मध्ये स्कूटीच्या डिक्कीत कांडी ठेवली की टोपणात रबडी. मी उन्हाळ्यात ट्यूब आणि हिवाळ्यात कांडी अशी वाटणी केली आहे. दुसरं, दुपारी बाहेर जाणाऱ्यांनी एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप) असलेलंच बाम घ्या. ओठांत मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) कमी, त्यामुळे उन्हाचा मारा थेट बसतो. 15 ते 30 एसपीएफची स्वस्त बामं आता सहज मिळतात. पण दोन तासांनी आणि खाणंपिणं झालं की परत लावायला लागतं. स्कार्फ बांधला तरी लावा, कापडाने ओठ घासून पुसलं जातं.

धुळे, शारीरिक शिक्षण शिक्षक

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? दिवसभर मैदान, धूळ आणि तोंडात शिट्टी. हिवाळ्यात ओठांच्या कडा फाटतात. मी बिनरंगाची, बिनचमकीची साधी कांडी वापरतो आणि शिट्टी रोज धुतो. मैदानावरच्या मुलांनाही सांगतो, लाज वाटू देऊ नका, लावा.

(जरूर लिहा, सर. असे अनुभव हवेच आहेत.)

ठाणे

माझ्या ओठांभोवती लाल कडं उमटायचं, खाज यायची. बाम जास्त लावलं की जास्त व्हायचं. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली आणि निघालं की सुगंधी घटकांची अ‍ॅलर्जी आहे. 'नैसर्गिक' लिहिलेलं बामही मला चालत नाही, कारण त्यातही सुगंधी तेलं असतात. लॅनोलिन, प्रोपोलिस (मधमाश्यांचा राळेसारखा पदार्थ), एरंडेल यांचीसुद्धा काहींना अ‍ॅलर्जी असते असं डॉक्टर म्हणाले. तर नवीन बाम घेतलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघा. ओठ बरेच दिवस बरे होत नसतील, एकाच जागी खरखरीत चट्टा राहत असेल, तर बाम बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

सांगली, पार्लर चालवते

आता ब्रशवर कुणीतरी बोला म्हणून वाट बघत होते, शेवटी मीच लिहिते. जरा मोठं होईल.

पहिलं, बारा-पंधरा ब्रशचा संच घेऊ नका. त्यातले निम्मे कधीच हातात येत नाहीत. घरच्या मेकअपला चार पुरतात: पावडरसाठी मोठा फुगीर, फाउंडेशनसाठी दाट केसांचा, डोळ्यांसाठी छोटा मऊ, आणि भुवयांसाठी विंचरणी. व्हेगासारख्या आपल्या कंपन्यांचे सुटे ब्रश गावोगावच्या दुकानांत मिळतात. चार सुटे घेतलेत तर संचाच्या किमतीत चांगल्या प्रतीचे येतात.

दुकानात बघायचं कसं? केस चिमटीत धरून हळू ओढा. एखाद-दुसरा आला तर चालेल, झुबका आला तर ठेवून द्या. तळहातावर दाबून सोडा, केस लगेच उभे राहिले पाहिजेत. मग केस आणि दांडी जोडणारी धातूची पट्टी हलवून बघा. तिथे जराही डगडग असली तर पहिल्या धुण्यात दांडी वेगळी होणार. शेवटी गालावर फिरवा. हातावर मऊ वाटलेला ब्रश गालावर टोचू शकतो.

कृत्रिम केसांचे ब्रश स्वस्त, म्हणून कमी दर्जाचे, असं अजून खूपजणी मानतात. मला ते पटत नाही. नायलॉन किंवा तशा धाग्याचे ब्रश क्रीम आणि लिक्विड शोषून घेत नाहीत, त्यामुळे उत्पादनही कमी लागतं. धुतल्यावर लवकर सुकतात. बकरीच्या वगैरे केसांचे ब्रश कोरडी पावडर छान उचलतात, पण त्यांची निगा जास्त. नवशिक्यांनी कृत्रिमच घ्यावेत.

आणि धुणं! 100 रुपयांचा रोजचा ब्रश आठवड्याने धुतलात तर तो 1000 रुपयांच्या न धुतलेल्या ब्रशपेक्षा तुमच्या चेहऱ्याला चांगला. कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू, तळहातावर गोल गोल. केस कायम खाली झुकलेले ठेवा. पाणी धातूच्या पट्टीत शिरलं की आतला गोंद सुटतो, आणि ब्रशचे केस गळतात ते बहुतेक यामुळेच. क्रीमचा ब्रश असेल तर आधी खोबरेलाचा थेंब लावून मेकअप सोडवून घ्या. धुतल्यावर पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा, आणि टेबलाच्या कडेला असा आडवा ठेवा की केस बाहेर राहतील. पेल्यात उभा करून वाळवला तर पाणी परत पट्टीतच उतरतं. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा, ओला ब्रश पाऊचमध्ये गेला की बुरशी आलीच.

जुलै 2023 मध्ये आळंदीकडून डोळ्यांची साथ सुरू झाली आणि सगळीकडे पसरली, तेव्हा मी डोळ्यांचे ब्रश एकीचे दुसरीला वापरणं पूर्ण थांबवलं. एकदाच वापरून टाकायच्या कांड्या आणल्या, लिपस्टिक आणि काजळ स्पॅच्युलावर काढून घ्यायला लागले. साथ गेली तरी तीच पद्धत ठेवली आहे. नवरीच्या मेकअपला येणाऱ्या पार्लरवालीला ब्रश धुतलेत का, हे विचारायला संकोच करू नका. माझ्याकडे विचारलेलं मला आवडतं.

सातारा, चित्रकला शिक्षिका

आयलायनर आणि लिपस्टिकच्या कडेसाठी मी स्टेशनरीच्या दुकानातला 0 किंवा 1 नंबरचा कृत्रिम केसांचा गोल ब्रश वापरते. नवा, रंगाला कधीच न लावलेला, शाम्पूने धुतलेला. टोक इतकं बारीक की रेघ एकदम स्वच्छ येते, आणि मेकअपच्या ब्रशपेक्षा किंमत बरीच कमी.

एक मात्र मनापासून सांगते. 'असली केसांचा' म्हणून मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी विकत असेल तर घेऊ नका. त्या केसांवर गडद-फिकट पट्टे असतात. या ब्रशच्या केसांसाठी मुंगसं मारली जातात, आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली हा व्यापार गुन्हा आहे.

ओसाका

जपानमध्ये ब्रश म्हटलं की हिरोशिमाजवळचं कुमानो गाव. देशातल्या ब्रशपैकी सुमारे 80 टक्के तिथे होतात. तिथले कारागीर केस कापून आकार देत नाहीत, नैसर्गिक निमुळती टोकं तशीच राखून जुळवणी करतात, म्हणून ते मऊ लागतात. ते महाग असतात, मी ते वापरत नाही. 100 येनच्या दुकानातले कृत्रिम ब्रश घेते, पण कुमानोची गोष्ट कळल्यापासून टोकं बघते: निमुळती असतील तर घेते, कात्रीने सपाट कापलेली असतील तर नाही. सांगलीच्या ताईंच्या परीक्षेत ही एक भर घाला.

पनवेल

मुलीच्या वर्गात एकच बाम सगळ्याजणी लावतात. एकीच्या ओठावर जर (पाणीदार फोड) उठला होता, त्याच आठवड्यात दुसरीला आला. हा फोड विषाणूमुळे येतो आणि बामच्या कांडीवरून पसरू शकतो. म्हणून मुलीच्या कांडीवर तिचं नाव चिकटवलंय आणि "मागितलं तर नाही म्हण" असं शिकवलंय. दुकानातली उघडी टेस्टरही ओठांना लावू नये, हातावर बघावी.

मला एक विचारायचंय: उघडलेलं बाम आणि जुने ब्रश कधी टाकायचे?

(ताई, पॅकवर उघड्या डबीचं छोटं चित्र शोधा. त्यात 12M लिहिलं असेल तर उघडल्यापासून 12 महिने. खवट वास आला, दाणेदार झालं, रंग बदलला तर त्याआधीच टाका. ओठावर तसा फोड येऊन गेला असेल तर ती कांडी लगेच टाका, वरचा थर कापून चालत नाही. ब्रशला तारीख नसते. धुऊनही वास जात नसेल, केस गळत असतील किंवा टोचायला लागले असतील, तर चेहऱ्यासाठी तो संपला. कीबोर्ड आणि खिडकीच्या जाळीची धूळ काढायला मात्र अजून चालतो.)