आठवडाभर थिएटरात नवीन सिनेमे बघायचेत, ठाण्यात प्लॅन कसा करू?

मानपाड्याचा_प्रेक्षक

मंडळी, येत्या शुक्रवारपासून आठवडाभर सुट्टी टाकलीये, बाहेरगावी जायचं नाही, सगळी सुट्टी थिएटरात घालवायची ठरवलंय. शुक्रवारी दोन मराठी लागतायत, एक मोठा हिंदी, एक इंग्लिश, शिवाय मागच्या आठवड्यातला एक मल्याळम सबटायटलसकट अजून चालू आहे. घरचे म्हणतात महिन्या-दोन महिन्यांत ओटीटीवर येतीलच की, पण मला अंधारात चार अनोळखी माणसांबरोबर बसून बघायलाच आवडतं, मध्ये बेल वाजत नाही, कुकरची शिट्टी नाही, फोन खिशात बंद. गाडी नाहीये, बस रिक्षा लोकल जे काय असेल त्यानेच फिरणार. माझा विचार असा की हिंदी पहिल्याच दिवशी उरकावा म्हणजे स्टोरी कुणी फोडायला नको आणि मराठी निवांत बुधवार-गुरुवारी, तेव्हा गर्दी नसते. हे बरोबर आहे का? आणि तिकिटांचा खर्च आवाक्यात कसा ठेवायचा?

पहिला_शो

उलटं करा, दोन्ही मराठी शुक्रवार-शनिवारीच बघा!! मोठा हिंदी कुठे पळून जात नाही, त्याचे गुरुवारपर्यंत सकाळपासून रात्रीपर्यंत शो असतात. मराठीचं तसं नाही. शुक्रवार शनिवार रविवारच्या गल्ल्यावर सोमवारपासून शो कापायला सुरुवात होते, मग उरतो सकाळी दहाचा नाहीतर रात्री साडेदहाचा, तेव्हा ठाण्यातला नोकरदार माणूस जाणार कसा, आणि मग म्हणायचं प्रेक्षकच नाही. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठीसाठी दुपारी 12 ते रात्री 9 ही प्राइम टाइमची वेळ ठरवून दिली होती, पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या की नियमाने सिनेमा जगत नाही.

मागे एका मल्टिप्लेक्सला सोमवारी संध्याकाळी मराठी सिनेमाला गेलो होतो, खिडकीवरचा मुलगा म्हणाला थोडं थांबा, अजून तिकिटं गेली नाहीत तर शो रद्द होईल. कळव्याहून एक वयस्कर जोडपं आलं होतं, आजींच्या हातात पिशवी, पिशवीत थर्मास. सात वाजता त्याने सगळ्यांचे पैसे परत केले. आजोबा त्याला विचारत होते, उद्या लागेल का रे बाळा? त्याला तरी काय माहीत. आता मराठी लागला की मी पहिल्या तीन दिवसांतच जातो आणि चार जणांना ओढून नेतो, म्हणून तुम्हालाही एवढं कळकळीने सांगतोय.

वाशीची_माई

खर्चाचं मी सांगते. मंगळवारी बऱ्याच मल्टिप्लेक्सना तिकीट स्वस्त असतं, तुमचा मोठा हिंदी त्या दिवशी टाका, शनिवारी रात्रीच्या मानाने बराच फरक पडतो. सकाळचे शो पण स्वस्त. आणि जीएसटी, 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के झालाय, आधी 12 होता. शंभरच्या वर मात्र 18 टक्केच आहे, म्हणून शंभरच्या आतलं तिकीट दिसलं तर सोडू नका. अॅपवर कन्व्हिनियन्स फी वेगळी लागते, गर्दी नसलेल्या दिवशी सरळ खिडकीवरच काढा. खाऊन जा, आतल्या पॉपकॉर्नच्या पैशात अजून एक सिनेमा होतो.

गाडी नाही म्हणताय तर नवी मुंबई विसरू नका हो. मानपाड्याहून बसने ठाणे स्टेशन, 9-10 नंबरवरून पनवेल लोकल, सीवूड्सला उतरलात की मॉल स्टेशनला लागूनच आहे, वर सिनेपोलिस मल्टिप्लेक्स. पावसात छत्रीसुद्धा उघडावी लागत नाही. पनवेलऐवजी वाशी लोकल पकडून वाशीला उतरलात तर समोर रघुलीला मॉल. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात अडकण्यापेक्षा हे बरं. फक्त रात्रीचा शो काढताना परतीची शेवटची लोकल आधी बघून ठेवा.

मधली_रांग

वर दोघांनी सांगितलं ते पटलं, फक्त एक, एका दिवशी दोन सिनेमे लावू नका. पहिला चांगला असला तर तो डोक्यात फिरत असतो आणि दुसऱ्यावर अन्याय होतो. बघून झाला की जरा चालत जा, कुणाशी तरी बोला त्याच्याबद्दल.

इंग्लिश आणि हिंदी मोठ्या स्क्रीनला, डॉल्बी अॅटमॉस (सगळीकडून आवाज येणारी साउंड सिस्टीम) असेल तिथे बघा. तिकीट काढताना ऑडी, म्हणजे आतलं सभागृह, कुठली ते बघा, एकाच मल्टिप्लेक्सच्या दोन ऑडींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. सीट मधोमध, पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागे, आवाज तिथे सगळीकडून सारखा येतो. अगदी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलात तर मागचे स्पीकर कानावर आदळतात.

आणि चित्र अंधुक वाटलं तर गप्प बसू नका!! कधी कधी थ्रीडी शोनंतर प्रोजेक्टरपुढचा फिल्टर काढायचा राहतो आणि टूडी सिनेमा तसाच लावतात, रात्रीच्या सीनमध्ये चेहरेच दिसत नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन मॅनेजरला सांगा, करतात नीट. कॅमेरामनने महिनोन् महिने लाइटिंगवर मेहनत घेतलेली असते, ती आपल्यापर्यंत पोचायला नको का?

पहिला_शो

मल्याळमचं राहिलं. तो शुक्रवारी दुसऱ्या आठवड्यात जाणार म्हणजे शो निम्म्यावर येतील, ठाण्यात एखादाच उरेल. 2009 मध्ये हिंदी निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर तिकिटांच्या उत्पन्नात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, मग 37.5 आणि पुढे 30 असा ठरला, म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितकं थिएटरलाच जास्त मिळतं, तरी नवीन आला की जुन्याला जागा द्यावीच लागते. बुधवारी रात्री किंवा गुरुवारी पुढच्या आठवड्याचं बुकिंग उघडतं तेव्हा पहिला हाच शोधा, रविवारी सकाळचा मिळाला तर घेऊन टाका.

मानपाड्याचा_प्रेक्षक

सगळ्यांचे मनापासून आभार, प्लॅन पूर्ण बदलला. मराठी शुक्रवार-शनिवार, मल्याळम रविवारी जिथे मिळेल तिथे, सोमवार मोकळा, हिंदी मंगळवारी, इंग्लिश बुधवारी सीवूड्सला. गुरुवार रिकामा ठेवतोय, दोन मराठींपैकी जो जास्त आवडेल तो परत बघायला, तोपर्यंत शो उरला असेल तर. शनिवारी संध्याकाळी ठाण्यातल्या विवियाना मॉलला जातोय, कुणी येतंय का?

मधली_रांग

मी आणि बायको. शेजारच्या काकूंनाही विचारतो, तुम्ही एफ किंवा जी रांग बघा, मधल्या सीट्स.