सरकारवर लक्ष ठेवणाऱ्यांना सरकारनंच पैसे द्यावेत का?

सातपुडाकन्या
आदिवासी भागात आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख उभी करणाऱ्या संस्था-संघटनांना सरकारी निधी मिळावा की नाही, यावर चर्चा हवी आहे. माझं मत आधीच सांगते. निधी मिळायलाच हवा, पण आरोग्य खात्याच्या हातून नको.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्याखाली २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. आपल्याकडे पहिले जिल्हे अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. राज्य पातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता आणि तालुक्या-तालुक्यात स्थानिक संघटना काम करायच्या. गावात बसून लोकांनाच विचारायचं: नर्सताई येतात का, लसीकरण होतं का, दवाखान्यात औषध मिळतं की चिठ्ठी देऊन बाहेर पाठवतात? उत्तरांवरून गावाचं आणि दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं, त्यात हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा, आणि ते घेऊन जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं.

मी सातपुड्यातल्या एका तालुक्यात हे काम केलं. एका जनसुनवाईत एक बाई पावरी बोलीतून बोलली. सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी तिच्या नवऱ्याकडून पैसे घेतले होते. कार्यकर्त्यानं मराठीत सांगितलं आणि सभागृह गप्प झालं. पैसे परत मिळाले, पण त्याहून मोठी गोष्ट पुढच्या बैठकीत दिसली. एरवी दारामागून ऐकणाऱ्या बाया पुढे येऊन बसल्या.

या कामाला पैसा लागतो. कार्यकर्त्याचं मानधन, जीपचं भाडं, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्यांचं जेवण. आणि तो वेळेवर लागतो. दिवाळी झाली की आमच्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. निधी हातात पडायचा आर्थिक वर्ष संपता संपता, तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं तेवढी उरलेली. मग मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणून घाई. ज्या खात्याचं प्रगतिपत्रक आम्ही भरतो त्याच खात्यानं आमचा हप्ता सोडायचा, ही रचनाच मला मान्य नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
ताई, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मी विरोधात आहे. उमेदीची सगळी वर्षं आदिवासी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. जनसुनवाईत मंचासमोर उभं राहणारा डॉक्टर मी होतो.

आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असा निकष आहे. मैदानी भागात तो ३०,००० आहे. कागदावर ही सवलत वाटते. प्रत्यक्षात डोंगरातले वीस हजार म्हणजे दोन-तीन दिवस चाललो तरी संपणार नाहीत असे पाडे. दोन डॉक्टरांच्या जागी मी एकटा. रात्री बाळंतपण, सकाळी ओपीडी, मध्येच शवविच्छेदन, दुपारी तालुक्याला आढावा बैठक. सर्पदंशाची लस संपली तर मागणीपत्र पाठवणं एवढंच माझ्या हातात. खरेदी वरच्या पातळीवर व्हायची. पण लाल रंग माझ्या केंद्राला. चारशे माणसांसमोर जाब मला.

देखरेखीवर जाणारा प्रत्येक रुपया हा न भरलेल्या पदाचा रुपया आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नर्मदेकाठी, सरदार सरोवराच्या पाण्यामुळे रस्ता तुटलेल्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. बोटीला डिझेल द्या, तिच्यावर डॉक्टर द्या. बोट वेळेवर आली की नाही हे काठावरच्या प्रत्येकाला कळतं, त्याला प्रश्नावली लागत नाही.

सातपुडाकन्या
डॉक्टरसाहेब, काठावरच्या माणसाला कळतं, पण तो ते सांगणार कुणाला? तुम्ही मागणीपत्रं पाठवत होता. त्यातल्या किती पत्रांना उत्तर आलं? आमच्याकडे औषधाच्या तुटवड्याचा विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत गेला तो जनसुनवाईमुळे. एका डॉक्टरचं पत्र फाइलला लागतं. दोनशे बायांनी एकाच औषधाचं नाव घेतलं तर ते फाइलला लावून चालत नाही.

रिक्त पदांचा राग तुमच्यावर निघाला, हे मात्र मी नाकारणार नाही. तो निघायला नको होता.

ताळेबंद
मी संस्थांचे हिशेब तपासतो. वरच्या दोघांनी न बोललेला मुद्दा मांडतो.

निधी आला की संस्था बदलते, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. पहिल्या वर्षी कार्यकर्ते गावात असतात. तिसऱ्या वर्षी तेच कार्यकर्ते कार्यालयात उपयोगिता प्रमाणपत्राचे, म्हणजे निधी कुठं खर्चला त्याच्या दाखल्याचे, तक्ते भरतात. पुढचा हप्ता ज्याच्या सहीनं सुटायचा त्या साहेबांच्या तालुक्याला लाल रंग देताना हात कचरतो. कुणी तसं सांगत नाही, पण पिवळ्याचा हळूहळू हिरवा होतो. ज्यांनी सरकारला प्रश्न विचारायचे त्यांनी सरकारचा पैसा घेऊच नये. लोकवर्गणी काढा, देणगीदार शोधा.

सातपुडाकन्या
दादा, देणगीदार कुठून आणायचे? २०२० ची परकीय निधी कायद्यातली दुरुस्ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. एका संस्थेला मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. तालुक्यातल्या छोट्या संघटना मोठ्या संस्थेच्या आधारानं जगत होत्या, तो आधार गेला. कंपन्यांचा सामाजिक निधी शौचालय बांधायला मिळतो, रुग्णवाहिकेवर नाव रंगवायला मिळतो. प्रश्न विचारणाऱ्या बैठकीला कुठली कंपनी पैसे देते? आणि ज्या घरातली माणसं मुकादमाची उचल फेडायला ऊस तोडतात त्यांच्याकडे वर्गणी मागायला माझी जीभ रेटत नाही.

वैनगंगेकाठचा
गडचिरोलीतून लिहितोय. संस्था हव्यात की नकोत यावरच तुम्ही सगळे भांडताय. ग्रामसभा कुठे गेली?

पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी, म्हणजे गावानं ठरवून खर्चायचा पैसा, थेट मिळतो. २०१५ पासून. तो कशावर खर्चायचा त्यात आरोग्य आहे. गाव आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा वेगळा निधी आहे. आमच्याकडे मेंढा (लेखा) गावानं ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटलं, तेव्हा कुणाच्या प्रकल्पाची मुदत विचारली नव्हती. बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करणाऱ्या ग्रामसभा या जिल्ह्यात आहेत. त्यांना नर्सताईंची हजेरी घेता येणार नाही? संस्था प्रकल्प संपला की जाते. ग्रामसभा जात नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
याला माझा पाठिंबा. गावानं विचारलं तर मी उत्तर देईन. जीपमधून उतरलेल्यानं विचारलं तर मला राग येतो, हे खरं आहे.

सातपुडाकन्या
@वैनगंगेकाठचा, ग्रामसभेवर माझाही विश्वास आहे. पण एका केंद्राखाली कितीतरी गावं येतात, आणि तज्ज्ञ डॉक्टर बसायला हवा तो ग्रामीण रुग्णालयात, तालुक्याला. एका ग्रामसभेचा ठराव तिथं पोचेपर्यंत त्याची धार जाते. वीस ग्रामसभांना एकत्र बांधायला कुणीतरी फिरावं लागतं, आणि ते फिरणं म्हणजेच आमचं काम. अबंध निधी बहुतेक ठिकाणी बांधकामाकडे वळतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. गडचिरोलीच्या ज्या जागरूक ग्रामसभांचा तुम्हाला अभिमान आहे (मलाही आहे), त्यांच्या मागेही वर्षानुवर्षं सोबत करणारी माणसं होती.

शिवाय तुमच्याच जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ चालू आहे. दारू आणि तंबाखू कमी करण्याचं ते काम २०१६ पासून राज्य सरकार, ‘सर्च’ (डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची गडचिरोलीतली संस्था) आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून उभं केलं, आणि गावागावांत लोकांच्या संघटना त्यातूनच बांधल्या गेल्या. आधी १९९९ मध्ये ‘सर्च’नं ३९ गावांतल्या घरोघरच्या नवजात बालसेवेचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून तीच सेवा देशभरातल्या आशाताई देतात. खात्याबाहेरच्या माणसांनी गावात राहून केलेल्या कामातून खातं शिकलं. माझी मागणी याच जातीची आहे.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. इथलं एक उदाहरण या वादात थेट बसतं म्हणून लिहितो.

१९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यात काळ्या शेतमजुरांची हालत भयंकर होती. डॉ. जॅक गायगर आणि सहकाऱ्यांनी माउंड बायू इथं केंद्र सरकारच्या अनुदानातून आरोग्य केंद्र काढलं. कुपोषित मुलांसाठी डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून द्यायचे, दुकानदार ते द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधखर्चातून भागायचं. वरून आक्षेप आला. कुपोषणावर वैद्यकशास्त्रात अन्न हाच उपचार आहे, असं गायगर यांचं म्हणणं होतं. पुढे लोकांनी भाजीपाल्याची सहकारी शेती काढली आणि स्थानिक आरोग्य परिषदही उभी राहिली.

पण ताळेबंद यांच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. त्या वेळच्या कायद्यात राज्याचा गव्हर्नर असं अनुदान अडवू शकत होता. विद्यापीठाला दिलेलं अनुदान मात्र त्याला अडवता येत नव्हतं. म्हणून पैसा बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठामार्फत आला. पैसा सरकारीच, पण ज्या राज्ययंत्रणेला हे केंद्र नको होतं तिच्या हातात त्याची चावी नव्हती. आणि आजही अशा अनुदानित केंद्रांच्या संचालक मंडळात निदान ५१ टक्के सदस्य तिथलेच रुग्ण असावे लागतात.

ताळेबंद
हे मला पटतं आहे. मी सरकारी पैशालाच नाही म्हणत होतो. माझी खरी हरकत सही कुणाची, यावर आहे. आपल्याकडे विद्यापीठ कोणतं?

वैनगंगेकाठचा
गोंडवाना विद्यापीठ. ग्रामसभांच्या प्रशिक्षणाचं काम तिथं झालेलं आहे. पण माझी अट आहे. निवड समितीत ग्रामसभांचे प्रतिनिधी बहुसंख्य हवेत, वरच्या ५१ टक्क्यांसारखे. नाहीतर पुन्हा इंग्रजीत प्रस्ताव चांगला लिहिणाऱ्यालाच पैसे.

सातपुडाकन्या
अट मान्य. अजून दोन गोष्टी जोडते. निधी निदान तीन वर्षांसाठी ठरलेला असावा. आणि पहिला हप्ता पावसाळ्यात, लोक गावात असताना.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
मी अजूनही विरोधातच आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा आदिवासी आरोग्यावरचा अहवाल २०१८ मध्ये आला. देशातल्या १० कोटींहून जास्त लोकांबद्दलचा अहवाल. तो वाचल्यावर माझी खात्री आणखी पक्की झाली, की पहिली गरज तिथं राहणाऱ्या प्रशिक्षित माणसांची आहे.

पण ताईंचं काम होणारच असेल, तर प्रगतिपत्रकात बदल करा. सर्वांत वर केंद्रातली मंजूर पदं, भरलेली पदं आणि पद कधीपासून रिकामं आहे ती तारीख लिहा. त्याखाली मागवलेली औषधं आणि आलेली औषधं. त्यानंतर माझ्या कामाला हवा तो रंग द्या. आणि जनसुनवाईत पहिली खुर्ची पद भरण्याचा अधिकार असलेल्याची ठेवा. तो आला नाही तर सुनवाई पुढे ढकला, पण त्याच्या जागी मला उभं करू नका.

सातपुडाकन्या
पदांचा आणि औषधांचा रकाना मी आमच्या पुढच्या बैठकीत ठेवते. सुनवाई पुढे ढकलायला मात्र मी तयार नाही. मजुरी बुडवून, डोंगर उतरून आलेल्या माणसांना परत जा म्हणता येत नाही. त्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली तर तशी नोंद करू, आणि तुमच्याऐवजी त्या खुर्चीलाच प्रश्न विचारू.