मदत हवी आहे: आईच्या शेवटच्या दिवसांत विश्वासाने कसं जगायचं?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आईचा आजार आता शेवटच्या स्टेजला आहे, डॉक्टर म्हणाले ट्रीटमेंट थांबवून फक्त वेदना कमी ठेवू, आणि आई स्वतः शांत आहे पण मीच पार गोंधळलोय. ती मला बायबलमधलं स्तोत्र 90 वाचायला लावते, त्यात संदेष्टा मोशे देवाला म्हणतो ना की आमचे दिवस मोजायला शिकव, तिथे आलं की माझा आवाजच अडकतो. चर्चमधले लोक येतात, खूप प्रेमाने प्रार्थना करतात, पण सगळी बरं होण्याचीच, मरणाचा विषय कोणी काढत नाही आणि आईला तर त्यावरच बोलायचंय. आपल्या मेलेल्या मित्राला, लाजराला, पुन्हा जिवंत उठवणार होता तरी येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला (बायबल, योहान 11), म्हणजे रडणं हा अविश्वास नाही एवढं मला पटलंय.

ज्यांनी घरात हे अनुभवलंय त्यांनी प्लीज सांगा, बरं होण्यासाठी आणि चांगल्या शेवटासाठी, दोन्ही प्रार्थना एकत्र कशी करायची? पुनरुत्थानाच्या, म्हणजे मरणानंतर पुन्हा जिवंत उठण्याच्या, आशेबद्दल तिच्याशी बोलायला सुरुवात कुठून करू? आणि तिला तिच्या दुरावलेल्या भावाशी समेट करायचाय, मामांना फोन मी करू की चर्चच्या पाळकांना करायला सांगू?