युएन वू-पिंग: 'मेट्रिक्स'च्या आधीची दोन दशके
मारधाडीच्या दृश्यांचे रचनाकार आणि दिग्दर्शक युएन वू-पिंग यांचे नाव १९९९ च्या 'द मेट्रिक्स' या हॉलिवूडपटामुळे झाले, असे मत मांडले जाते; ते हॉलिवूडपुरतेच खरे आहे. हाँगकाँगमध्ये त्यांनी १९७८ सालीच 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' दिग्दर्शित करून, तोवर फारसे यश न लाभलेल्या जॅकी चॅन यांना लोकप्रियता मिळवून दिली होती (दोन्हींतील वृद्ध गुरू म्हणजे वू-पिंग यांचे वडील). 'मेट्रिक्स'च्या नटांकडून त्यांनी चित्रीकरणापूर्वी काही महिने कुंग फूचा सराव करून घेतला; तशी त्यांची अटच होती. माझ्या मते नटांना तारांनी हवेत उचलण्याच्या करामतींपेक्षा हीच अट महत्त्वाची होती, कारण नट स्वतः लढू लागला की कॅमेऱ्याला मागे सरून संपूर्ण शरीर दाखवता येते आणि बदली कलाकार लपवण्यासाठी संकलकाला दृश्य वारंवार तोडावे लागत नाही.